दाबलं, धरलं, सोडलं

तंजावूर,
१७ ऑगस्ट १९९७

प्रिय अहो,

सप्रेम नमस्कार. तुमचं मस्कतचं पत्र पोचलं. इकडे आम्ही सगळी माणसं आपापल्या जागी आहोत. तुमच्या लेकीला, कीर्तनाला, गणितात चांगले मार्क पडले, इंग्रजीत पडले नाहीत. राजम अत्यांचा गुडघा होता तसाच आहे, फक्त त्याच्याबद्दलचं बोलणं वाढलंय. मामंजी बरे आहेत. त्यांचा चष्मा दुरुस्तीला दिलाय, म्हणून या वेळी पत्राखाली वडिलांच्या नेहमीच्या चार तमिळ ओळी शोधू नका.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंत, ‘अंगणातलं ते डबडं एकदाचं काढून टाका, मी आलो की मारुती घेऊ.’ बापलेकांचं जन्मात कधी एकमत झालं नाही, ते नेमकं याच बाबतीत व्हावं? तुमचं पत्र यायच्या आधीच मामंजींनी भंगारवाल्या प्रवीणकुमारला बोलावून गाडी दाखवली. आपली स्टँडर्ड टेन! जिच्या दाराला तुम्ही लहानपणी हात लावलात म्हणून मार खाल्लात, ती! तुम्ही गेल्यापासून ती उभीच आहे हे खरं. पण रोज सकाळी ते तिला पुसायचे आणि ‘पुढल्या महिन्यांत काढतों’ म्हणायचे. या उन्हाळ्यापासून पुसणंही बंद झालं, आणि गेल्या महिन्यात प्रवीणकुमार अंगणात दोरी धरून मापं घेताना दिसला.

माझं डोकंच फिरलं. पण फिरून करते काय? लग्न होऊन आल्यापासून मी मामंजींशी एक शब्द थेट बोललेली नाही, हे तुम्हाला सांगायला नको. कॉफी हवी का, हे मी भिंतीकडे बघून विचारायचं, ते राजम अत्यांनी आपल्या भावाला विचारायचं, आणि त्यांनी पहिल्यांदा ऐकलेलं असूनही दुसऱ्यांदा ऐकायचं. राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत अजून हेच चालतं. तेव्हा मी भिंतीकडे बघून, पण गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “अत्या, सांगा त्यांना. गाडी जाणार नाहीं. मी ती चालती करून दाखवीन.”

“अय्यय्यो,” अत्या म्हणाल्या, “ही काय बोलूनघेत अहे, पाहा!” मग त्या आत गेल्या, बराच वेळ आतच होत्या, आणि निकाल घेऊन बाहेर आल्या. “विजयादशमीला लॉरी येणार. त्या दिवशीं गाडी आपल्या चाकांवर पापनाशमला गेली तर राहिली. नाहीं तर लॉरींत गेली. सरी?”

पापनाशम का, ते तुम्हाला कळलंच असेल. माझं माहेर. त्याच गाडीतून मला या घरी आणलं, मागच्या सीटवर, दोन मावश्यांच्या मधे, मांडीवर लोणच्याची बरणी देऊन. तेव्हापासून त्या गाडीत माझी जागा मागेच. मी म्हटलं, सरी, कबूल.

करंतैचा मेकॅनिक मणी आला. बॉनेट उघडून नवरा मुलगा बघावा तसा खूश झाला. इंजिनाचं काम म्हणजे मानाचं काम, गल्लीतले सगळे पुरुष हात मागे बांधून उभे राहतात आणि सल्ला देतात. ते त्याने झटपट उरकलं. मग हात पुसत म्हणाला, “अम्मा, इंजिन माझं. बाकीचं कोणाला तरी सांगा, माझ्याकडे मारुत्यांची रांग लागलीय.” ते ‘कोणाला तरी’ म्हणजे मी.

अहो, गाडीच्या दुरुस्तीत अशी किती कामं असतात जी कोणालाच नको असतात! मागची सीट उचलली तर काथ्यात उंदरांची अख्खी वसाहत. कोणाच्या तरी गोणीतलं भातही त्यांनी वर्षानुवर्षं साठवलेलं. तो वास अजून माझ्या नाकात आहे. मग पेट्रोलची टाकी. आतलं पेट्रोल सुकून डिंक झालेलं. ती उतरवून, आत खडी आणि पातळ औषध घालून हलवत बसायची. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला राजम अत्या, बारशाला पाळणा हलवावा तशा. अत्या म्हणाल्या, “नांव काय ठेवायचं?” इतकी हसले की टाकी पायावर पडता पडता राहिली.

पण सगळ्यांत वाईट म्हणजे वायरिंग. त्यासाठी डोकं खाली पेडलांत आणि पाय वर सीटच्या पाठीवर, असं उलटं झोपावं लागतं. सगळ्या वायरींचे रंग उडून एकसारखे झालेले, आणि डोळ्यांत गंज पडतो. साडी नेसून हे होत नाही. म्हणून तुमची जुनी खाकी पँट नाड्याने बांधून घालते. रागवा हवं तर, मस्कत लांब आहे.

हे सगळं मोकळं लिहिते, कारण घरात देवनागरी वाचणारी मी एकटी. आजोबांनी मला शिकवली आणि तुम्ही पुण्याच्या नोकरीत शिकलात. तरी सगळंच काही लिहिता येत नाही. जेवण वेळेवर करा.

तुमची,
भुवना


तंजावूर,
२१ सप्टेंबर १९९७

प्रिय अहो,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. पँटीबद्दल त्यात एक अक्षर नाही, याची मला भीती वाटतेय. चष्मा अजून कसा आला नाही, असं विचारलंत. चष्मेवाला आळशी आहे. शेजारच्या फोनवर मामंजींना बोलवा म्हणता, पण त्यांना तिथे जायचा कंटाळा येतो. ते बरे आहेत. खरंच, मागच्या पत्राच्या वेळेपेक्षा पुष्कळ बरे आहेत.

वायरिंगला मी सगळ्यांत वाईट म्हटलं होतं, ते मागे घेते. तेव्हा मी ब्रेक बघितले नव्हते.

नळ्या बदलल्या, रबरं बदलली. गाडीची मद्रासची कंपनी बंद पडून किती वर्षं झाली, त्यामुळे एकेक रबर मणीने त्रिचीहून शोधून आणलं. पण खरं काम त्यानंतर. नळीत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी पेडल मऊ लागतं आणि गाडी थांबत नाही. तो काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी आडवं पडून तिथला छोटा नट सैल करायचा. हवा आणि तेल बाटलीत आलं की नट आवळायचा. तोवर वरच्याने पाय हलवायचा नाही. एकाला दुसरा दिसत नाही, म्हणून ओरडून सांगावं लागतं. दाबा, धरा, सोडा. पुन्हा दाबा. हे चारी चाकांना, हवा संपेपर्यंत. दुपार संपते, हवा संपत नाही.

मणी येतो म्हणाला म्हणून मी ऑफिसातून रजा काढली, आणि तो आलाच नाही. कीर्तना शाळेत. अत्यांचा गुडघा पेडल दाबण्यातला नव्हे. मी मागच्या चाकाशी आडवी, हातात पाना, आणि समोर ओट्यावर खुर्चीत मामंजी. हल्ली ते दिवसभर तिथेच असतात. माझ्याकडे बघत होते, मी बघितलं की तुळशीकडे बघत होते.

आणि मी बोलले. भिंतीशी नाही, अत्यांशी नाही. “मामंजी,” मी म्हटलं, “पेडलवर पाय ठेवायला पाहिजे.”

सूप घेऊन बसलेल्या अत्यांच्या हातातले तांदूळ अंगणभर झाले. मामंजी उठले. भिंत धरत, थांबत थांबत आले, घाई नसते हल्ली त्यांना, आणि आपल्या जागेवर बसले.

“दाबा!” मी खालून म्हटलं. काही उत्तर नाही. “दाबलं का?” काही नाही. नट सैल केला तर बाटलीत नुसती फुरफुर. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी माझा तोल गेला आणि मी माझ्या सासऱ्यांवर ओरडले, “दाबलं कीं दाबलं म्हणा! मला इथून काय दिसतं अहे?”

शेजारची दोन दारं उघडली असावीत. मग वरून आवाज आला, जड, अडखळत. “दाब... लं.”

“धरा!”

“ध... धरलं.”

“सोडा!”

“सोडलं.”

अहो, सबंध दुपार. एका चाकावरून दुसऱ्या चाकावर. दाबलं, धरलं, सोडलं. प्रत्येक चाकाला आवाज थोडा मोकळा होत गेला. शेवटच्या चाकाशी मी सवयीने दोनदा विचारलं, तर वरून ठणठणीत आलं, “दाबलं कीं! किती वेळां विचारतेस?”

मी तशीच गाडीखाली पडून रडले. ब्रेकच्या हवेसाठी कोणी रडतं का, असं विचाराल. डोळ्यांत तेल गेलं होतं, असं समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले, थेट माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “कॉफी.” अत्या दिवसभर रुसून बसल्या. त्यांचं कामच गेलं ना.

आता फक्त पुढची काच राहिलीय. विजयादशमी जवळ आलीय. प्रवीणकुमार रोज गल्लीतून सायकल हळू करत जातो. मी त्याला हसून नमस्कार करते.

तुमची,
भुवना


पापनाशम,
विजयादशमी, दुपार

प्रिय अहो,

वर गावाचं नाव वाचलंत? पुन्हा एकदा वाचा. मी आईच्या ओट्यावर बसून लिहितेय. समोर झाडाच्या सावलीत आपली स्टँडर्ड टेन उभी आहे, बॉनेटवर वेंकूबाईंच्या, म्हणजे माझ्या आईच्या, हातचं हळदकुंकू आहे, आणि अख्खं गाव तिच्याभोवती फिरून जातंय. मला नमस्कार सुचत नाही, मला ओरडावंसं वाटतंय. आली! आपल्या चाकांवर आली!

क्रमाने सांगते. काल आयुधपूजा. परंपरेप्रमाणे मी परवा संध्याकाळीच झाडून सगळी हत्यारं घासून पाटावर मांडली: पाने, स्क्रूड्रायव्हर, पक्कड, विळी, कात्री, कीर्तनाची पुस्तकंसुद्धा. काल सकाळी त्यांना गंध लावलं, फूल वाहिलं, आरती केली. उदबत्ती फिरवता फिरवता समोर बघते तर कोपऱ्यात पुढची काच उभी. ती बसवायची राहिली होती! आणि पूजेला मांडलेलं हत्यार विजयादशमीच्या पूजेपर्यंत उचलायचं नाही. सकाळी तर लॉरी येणार. मणी स्वतःच्या वर्कशॉपच्या पूजेत. अशी चूक बाहेरचा कोणी करणार नाही, ती आपल्यासारख्या देवाधर्माच्या माणसांनीच करावी.

“बिनाकाचेची नेते,” मी म्हटलं. मामंजी म्हणाले, “बिनाकाचेच्या गाडींत मी बसणार नाहीं.” बघा, म्हणजे बसायचं त्यांनी ठरवलं होतं. हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही.

काच बसवायची रीत अशी. काचेच्या कडेने रबराची पट्टी चढवायची, पट्टीच्या खाचेत दोरी फिरवायची, दोरीची टोकं आत सोडायची. बाहेरच्याने काच तळव्यांनी दाबायची, आतल्याने दोरी ओढत जायची, म्हणजे रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर चढतो. हत्यार लागत नाही. लागतं ते साबणाचं पाणी, दोन माणसं आणि जगातला सगळा संयम. मणी हे काम ऐकूनच पळतो.

पण दोरी? दोरी हे आयुध की नाही? यावर राजम अत्यांकडे न्याय मागितला. त्यांनी विचार केला. “दोरी ओढून घेतां तर ती आयुध होते,” त्या म्हणाल्या. मग आत जाऊन आपल्या परकराचा नाडा काढून घेऊन आल्या. “हा नाडा अहे. नाडा आयुध नव्हे.” एवढ्या शास्त्रशुद्ध बाईचा मी कधी पाणउतारा केला असेल तर देव मला क्षमा करो.

मी बाहेरून, मामंजी आतून. डाव्या हाताने नाडा ओढत.

इथे मला थांबायला हवं. डाव्या हाताने का, हे तुम्हाला माहीत नाही. चष्मा कधी दुरुस्तीला गेलाच नव्हता. मे महिन्यात मामंजींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि जीभ गेली. थोडे दिवस दवाखान्यात होते, मग घरी. पहिली गोष्ट त्यांनी काय केली असेल, तर डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं, मग पत्राच्या पेटीकडे, आणि मान हलवली. सेतुला कळवायचं नाही. कळलं तर तुम्ही नोकरी सोडून याल, आणि तुम्ही यावं तर सुखाने यावं, असं त्यांना वाटत होतं. अत्यांनी माझ्याकडून शपथ घेतली. मी घेतली, कारण मलाही तेच वाटत होतं. रागवायचं असेल तर आमच्या तिघांवर मिळून रागवा.

डॉक्टर म्हणाले होते, रोज मोठ्याने शब्द म्हणायचे, तरच जीभ वळेल. ज्यांच्या हाकेने गल्लीतली मुलं घरात पळायची, ते लहान मुलासारखे शब्द म्हणणार? त्यांनी तोंडच मिटलं. आणि अत्यांना खुणांनी सांगून गाडी भंगारात द्यायची ठरवली. जो हात स्टिअरिंग धरू शकत नाही, त्या हाताला ती रोज समोर दिसायला नको होती. हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. गाडी गेली असती तर त्यांच्यातलंही काहीतरी त्या लॉरीत चढलं असतं, म्हणून मी ती पैज घेतली. उन्हाळ्यापासून मी सकाळी त्यांच्या हाताला तेल चोळते, सदऱ्याची बटणं लावते, आणि पैज घेतल्यापासून संध्याकाळी ऑफिसातून येऊन गाडीखाली शिरते. कोणतं काम जास्त नावडतं, विचारू नका. दोन्हीकडे तेलच होतं.

तर नाडा. खालची कड बसली, बाजूची बसली, वरच्या कोपऱ्याला रबर अडलं. मी बाहेरून जीव खाऊन दाबतेय, आत त्यांचा डावा हात थकला. काच सुटायला लागली. सुटली तर फुटली. मी ओरडले, “धरा!” आणि काचेतून बघितलं. त्यांनी नाडा उजव्या मनगटाला गुंडाळला, उजव्या बोटांत पकडला, ती बोटं मिटली अहो, माझ्या डोळ्यांसमोर एकेक करून मिटली, आणि त्यांनी ओढलं. रबर टपकन कडेवर बसलं.

“धरलं,” ते म्हणाले. मग आपल्या हाताकडे बघत राहिले. मी काचेवर डोकं टेकलं. आमच्या मधे एक काच होती, आणि या वेळी डोळ्यांत तेल नव्हतं. मी रडत होते आणि तेही.

आज सकाळी पूजा उतरवली, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. प्रवीणकुमार लॉरी घेऊन गल्लीच्या तोंडाशी हजर. मी चालकाच्या जागेवर जाऊन बसले. हो, मी. मणी चालवणार असं तुम्हाला वाटलं असेल. ऑफिस सुटल्यावर मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले, तुमच्या त्या लाडक्या मारुतीवर. लायसन्स पर्समध्ये आहे. मामंजी शेजारी बसले. अत्या आणि कीर्तना मागे. चावी फिरवली. पहिल्यांदा खोकली, दुसऱ्यांदा लागली.

लिंबं फुटली. गल्लीच्या तोंडाशी मी डोकं बाहेर काढून म्हटलं, “प्रवीणकुमार, लॉरी जरा मागे घ्या. आम्हाला पापनाशमला जायचंय.” त्याने घेतली. हातही जोडले. असा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, वाईट वाटून घेऊ नका.

पण मारुतीचा गिअर वेगळा आणि हिचा वेगळा. गावाबाहेर पडल्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाईना. कर्रकर्र आवाज. मागे अत्यांनी स्तोत्र सुरू केलं. मी घामाघूम. तेवढ्यात मामंजींचा उजवा हात गिअरच्या दांड्यावर आला. नीट धरायला त्याला वेळ लागला. मग ते समोर रस्त्याकडे बघत, जुन्या आवाजात, गल्ली हलवणाऱ्या आवाजात म्हणाले, “दाब!”

मी क्लच दाबला. “दाबलं!”

गिअर लोण्यातून सुरी जावी तसा पडला. “सोड!”

“सोडलं!”

असे आलो. क्लच माझा, गिअर त्यांचा. अय्यमपेट्टैला रस्त्यावर भात वाळत घातलेलं आणि त्यात शेळ्यांचा कळप. मी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. एकाही शेळीला धक्का लागला नाही. मामंजींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “ब्रेक बरे अहेत.” तुमच्या वडिलांना ओळखता ना? हे म्हणजे त्यांनी मला सोन्याचं कडंच घातलं.

आत्ता ते आत आईच्या हातचं पिट्लं खातायत, उजव्या हाताने, निम्मं पानाबाहेर सांडत, आणि कोणी मदतीला गेलं तर डोळे वटारतायत. जेवायला बसण्यापूर्वी म्हणाले, “सेतुला लिही. सगळं लिही.” म्हणून लिहिलं. पत्राखाली त्यांच्या चार ओळी नाहीत, पण बोटांचा एक डाग आहे. पिट्लं असेल किंवा ग्रीस.

आता तुम्ही या. सेवा करायला नको, त्याची आमची घडी बसलीय. नोकरी सोडूनही नको, रजा काढून या. मारुतीचं नाव मात्र या घरात काढू नका. स्टेशनवर तुम्हाला घ्यायला आम्ही गाडी घेऊन येऊ. फक्त एक आताच सांगून ठेवते. पुढच्या दोन्ही जागा भरलेल्या आहेत. तुम्हाला मागे बसावं लागेल, अत्या आणि कीर्तनाच्या मधे, आणि लोणच्याची बरणी आई आत्ताच भरतेय. ती तुमच्या मांडीवर.

वाट बघतेय, चालकाच्या जागेवरून,
तुमची भुवना